चार बोटं

तंगूस समुद्रात कुजत नाही
म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

गेल्या शिमग्यात डिझेलच्या नळीची क्लिप
खाऱ्या वाऱ्याने खाल्ली, बोट लावताच भुगा झाला.
मालवणात त्या मापाची मिळाली नाही.
खिशात तंगूस होता,
आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांच्याच खिशात असतो.
तीन वेढे, वर बाबांनी शिकवलेली गाठ,
जिला ओढणारी सुरमईसुद्धा हरते.
टोक दातांनी तोडलं
आणि नळीला म्हटलं, राहा आता इथे.

ट्रॅक्टर माझ्याहून सहा वर्षांनी मोठा.
घाटावर ऊस ओढून दमला, मग आमच्या वाळूत आला.
इथे त्याला नांगर माहीत नाही.
इथे तो होड्या ओढतो,
मागची चाकं लाटेत, तोंड माडांकडे,
आणि बॉनेटवर गंजाचे नकाशे.

मे संपताना किनाऱ्यावर रांग लागते.
त्या दिवशीची सातवी, पावलू रॉड्रिक्सची.
दहाजण दोन्ही अंगांनी खांदा देऊन,
ओंडक्यांना माशाचं तेल चोपडलेलं,
मी पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा,
आणि वास आला.

डिझेलचा वास मला नवा नाही.
माझ्या उशीलाही तो येतो.
हा निराळा होता, करपट, जरा गोडसर,
तव्यावर तेल विसरलं की येतो तसा.
सायलेन्सरच्या मुळाशी
धुराचा एक पांढरा धागा.
वरून काळा येतो तेव्हा ट्रॅक्टर कष्ट करतोय.
पांढऱ्याला तिथून यायचं काही कारण नव्हतं.

स्टॉपची मूठ ओढली.
होडी दोन हात मागे घसरली.
कुणीतरी माझ्या आईचा उद्धार केला.
पावलू ओरडला, "गो, भरती येता हा! काय झाला तुका?"
"हात लावू नकात. वाळू आणा."
घमेली भरून आली, रांगेने ठेवली.
लागली नाहीत.
लागली नाहीत हे नंतर कळतं.

बॉनेट निवेपर्यंत कुणी बोललं नाही.
मग पाहिलं: गाठ शाबूत.
तंगूस तिच्या दोन्ही बाजूंनी वितळून गेलेला,
आणि मधे ती, मुगाएवढी, घट्ट,
कशालाच न बांधलेली.
नळी लोंबून मॅनिफोल्डला टेकलेली,
टेकली तिथे रबराला फोड,
फोडाच्या टोकाशी एक थेंब,
पडू की नको, विचार करत.

बस्त्याव मिस्त्री सायकलवरून आला.
कुणी बांधलं, विचारलं नाही.
गाठ बघितली, ओळखली असणार.
माझा हात धरून नळी आणि लोखंडाच्या मधे घातला.
"हेच्या मदी चार बोटां ऱ्हवाक होयी.
तुझी. माझी तीनच हत."

दुसऱ्या दिवशी कणकवलीहून जाळीदार नळी,
रबर लावलेल्या दोन पोलादी क्लिपा.
वाट बदलली, फिल्टरच्या पलीकडून,
मधे तुपाच्या डब्याचा पत्रा कापून आडवा.
हातपंप मारत राहिले,
आधी फेस, मग बुडबुडे,
मग नितळ, काहीही न बोलणारं डिझेल.

होडी त्या रात्रीच्या भरतीत भिजली.
पावलूने पन्नास रुपये कमी दिले.
त्याचं बरोबर होतं.

आता रोज पहाटे, किल्लीच्या आधी,
थंड इंजिनात हात घालते.
भाऊ तेरा वर्षांचा, मला चालवू दे म्हणतो.
म्हटलं, आधी माप घे.
त्याने घातली चारही बोटं, झोकात,
म्हणाला, बसतात.

बसणारच.
त्याची चार म्हणजे अजून माझी तीन.